डिलाईल रोड की ना. म. जोशी मार्ग?

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

रस्त्याच्या नावात काय ठेवले आहे, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु नाव बदलायचे ठरले की माणसे भांडायला उठतात, आणि ते नाव कामगार पुढाऱ्याचे असेल तर वाद अधिकच पेटतो. असे का होते, याचा येथे थोडा विचार करावयाचा आहे.

माझे आजोबा पलूसहून मुंबईला जाऊन गिरणीत लागले. गावकीच्या खोलीत राहायचे, खानावळीत जेवायचे. त्यांच्या तोंडी पत्ता एकच – डिलाईल रोड. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. आजोबा ट्रंक घेऊन गावी परतले.

या रस्त्याचे सरकारी नाव ना. म. जोशी मार्ग. तेथील बी.डी.डी. चाळींच्या कागदपत्रांतही तेच. मी आजोबांना विचारले, "हे जोशी कोण?" ते म्हणाले, "असतील कोणीतरी मोठे. आम्हांला काय ठाऊक?"

नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली व कामगार वस्तीत वाचनालये, रात्रशाळा चालविल्या. १९१९ च्या वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत ते हिंदी कामगारांचे प्रतिनिधी होते. १९२० मध्ये स्थापन झालेल्या आयटकच्या संस्थापकांत त्यांचे नाव येते. त्या काळी संप घडविल्याबद्दल मालक पुढाऱ्यांना कोर्टात खेचीत. मद्रासच्या बकिंगहॅम गिरणीच्या प्रकरणात तसेच घडले. म्हणून १९२१ मध्ये जोशींनी मध्यवर्ती कायदेमंडळात कामगार संघटनांना संरक्षण देणाऱ्या कायद्याचा ठराव मांडला. त्यातून पुढे १९२६ चा कायदा झाला. आजोबांची युनियन त्याच कायद्याखाली नोंदलेली होती!

मुंबईत नवे नाव पाटीवर राहिले आणि जुने तोंडात. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरात मात्र असाच प्रश्न थेट मतपेटीपर्यंत गेला. १९९५ मध्ये तेथील आर्मी स्ट्रीटला शेतमजुरांचे पुढारी सीझर चावेझ यांचे नाव देण्यात आले. १९६५ ते १९७० या काळातील कॅलिफोर्नियाच्या द्राक्षमळ्यांतील मजुरांच्या लढ्यात ते अग्रभागी होते. माझी आई आमच्याकडच्या द्राक्षबागेत विरळणीला जाते, त्यामुळे हे वाचताना मला तो माणूस परका वाटला नाही. नामांतराविरुद्ध काही रहिवासी व व्यापाऱ्यांनी सह्या गोळा केल्या. नोव्हेंबर १९९५ मध्ये मतदान झाले आणि चावेझ यांचे नाव टिकले.

विरोधकांचे मुद्दे सगळीकडे साधारण सारखेच असतात. पाट्या व कागदपत्रे बदलण्याचा खर्च होतो, हे खरे. पण तो एकदाच होतो. नावाने कामगाराचे पोट भरत नाही, हेही खरे. पण राजे, सरदार आणि गव्हर्नर यांची नावे देताना हा प्रश्न कोणी विचारला नाही. तिसरा मुद्दा जिव्हाळ्याचा, आणि तो मला खोडता येत नाही. जुने नाव धरून बसणारा प्रत्येक माणूस नव्या नावाचा वैरी नसतो. आजोबांची उमेद, घाम आणि संप, सारे डिलाईल रोडवरच घडले.

माझ्या मते चूक नाव बदलण्यात नाही. पाटी लावली आणि ती कोणाची, हे सांगायचे राहून गेले, ही खरी चूक. ज्यांच्यासाठी जोशी झटले, त्यांनाच ते अनोळखी राहिले.

जोशींची हकीकत मी आजोबांना वाचून दाखविली. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "एवढं केलं त्या माणसानं? मग तिथं पाटीखाली दोन ओळी लिहून का नाही ठेवल्या?"

त्यांचा हा प्रश्न मी या अंकात नोंदवून ठेवीत आहे.