नावाची पट्टी संगणकावर

साडीची ओळख काठापदरावरून होते. आपल्या जिल्ह्यातली पैठणी बघा. पदरावरचा मोर नाहीतर कमळ दिसले, की माणूस दुरूनच म्हणतो, "ही पैठणी." कागदाचेही तसेच आहे. कागदाच्या माथ्यावर नावाची पट्टी असते. ती पाहून कागद कोणाचा, हे कळते. संगणकवाले या पट्टीला हेडर म्हणतात. आपण पट्टीच म्हणू.

ही रीत जुनी आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' हे पत्र काढले. दर्पण म्हणजे आरसा. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले. ज्यांना कोणी बोलू देत नव्हते, त्यांचा हा नायक. नावाबरोबर माथ्यावर तुकोबांचा अभंग छापलेला असे. पत्र कोणाच्या बाजूने बोलणार, हे माथा वाचूनच समजे.

त्या काळी शिशाचे खिळे जुळवून अक्षरे छापीत. आता हे काम संगणकावर होते. त्यासाठी चित्रे जुळवण्याचे प्रोग्रॅम असतात. 'फोटोशॉप' हा प्रसिद्ध आहे, पण त्याला पैसे भरावे लागतात. 'गिम्प' फुकट मिळतो. दोन्हींची रीत बरीचशी सारखी आहे.

समजा, गावातल्या बायकांचा बचत गट आहे. पापड-कुरडया करून शहरात विकतो. त्याला पुड्यावर, बिलावर आणि मोबाईलवर लावायला पट्टी हवी आहे. ती कशी करावी?

१. माप. संगणकावरचे चित्र ठिपक्यांचे असते. रांगोळीचे ठिपके आठवा, पण फार बारीक. पट्टी १२०० ठिपके लांब आणि ३०० ठिपके उंच धरली, तर मोबाईलवर छान दिसते. कागदावर स्वच्छ छपाईसाठी एका इंचात ३०० ठिपके लागतात. म्हणजे हीच पट्टी कागदावर फक्त ४ इंच लांब होईल. तीच ताणून १० फुटांचा फलक केला, तर इंचाला १० ठिपके उरतील आणि चित्र फाटके दिसेल. म्हणून पट्टी कुठे लावायची, ते आधी ठरवा.

२. चित्र. आपल्याच मालाचा फोटो घ्या. दिवसा, उजेडात, साध्या कापडावर कुरडया मांडून काढा. दुसऱ्याचा फोटो न विचारता उचलू नये. फोटोवर तो काढणाऱ्याचा हक्क असतो. त्यासाठी १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. फोटोत कोणी बाई असेल, तर तिलाही आधी विचारा. आणि पट्टीवर जे दिसेल, तेच पुड्यात निघाले पाहिजे. नाहीतर गिऱ्हाईक एकदाच येते.

३. थर. प्रोग्रॅममध्ये चित्र एका थरावर आणि अक्षरे दुसऱ्या थरावर ठेवतात. एकावर एक काचा ठेवल्यासारखे हे असते. वरची काच हलवली, तरी खालची जागची हलत नाही. त्यामुळे फोटोला धक्का न लावता नाव सरकवता येते, मोठे करता येते, खोडताही येते.

४. रंग आणि अक्षर. पांढऱ्यावर पिवळे वाचता येत नाही. पिवळ्यावर काळे दुरूनही वाचता येते. भाड्याच्या गाडीची नंबरपाटी बघा, तशीच असते. फोटोवर नाव टाकायचे तर फोटोचा मोकळा भाग निवडा. नाव मोठे, काम त्याखाली लहान, एवढेच पुरे. चारही कडांना थोडी जागा सोडा. वळणे फार घेतलेली अक्षरे नकोत. 'मुक्त' आणि 'बलू' हे मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेले अक्षरसंच फुकट मिळतात आणि स्वच्छ वाचता येतात.

५. वाचून पाहणे. सगळ्यात मोठे काम हे. काही प्रोग्रॅममध्ये भारतीय भाषांची सोय आधी चालू करावी लागते. ती केली नाही, तर 'महिला' मधली 'ह' ची वेलांटी 'ल' वर जाऊन बसते. 'ज्वारी' चे 'ज् वारी' होते. हे झाले यंत्राचे. माणसाची चूक वेगळी. ८ मार्चला महिला दिन असतो. फलकावर पुष्कळदा 'महिला दीन' छापतात. दिन म्हणजे दिवस. दीन म्हणजे लाचार. एका वेलांटीने गौरवाचा अपमान होतो.

६. जपून ठेवणे. पट्टीच्या दोन फायली मागून घ्या. एक छापायची आणि एक थर सुटे असलेली. पुढे गावाचा पत्ता किंवा फोन बदलला, तर दुसरीवर पाच मिनिटांत दुरुस्ती होते. आपल्या शहराचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. ज्यांच्याजवळ सुटे थर होते, त्यांना पत्ता तेवढा बदलून भागले. बाकीच्यांना पट्टी पुन्हा करावी लागली.

हे सारे स्वतः करता येईल, नाहीतर तालुक्याच्या दुकानात करून घेता येईल. करून घ्यायचे असले, तरी वाचायचे आपणच. दुकानदार घाईत असतो. "ताई, बघून घ्या," म्हणतो आणि लगेच छापायला हात घालतो. पूर्वी आपण मान डोलावून मोकळे होत असू, कारण वाचता येत नव्हते. आता येते. म्हणून पट्टी समोर आली, की एकेका अक्षरावर बोट ठेवा. काना बघा, मात्रा बघा, वेलांटी बघा, फोनचे आकडे मोजा. गटातल्या दुसऱ्या बाईलाही वाचायला द्या. चूक सापडली, तर न लाजता सांगा. नाव आपले आहे आणि पैसेही आपलेच आहेत. सगळे बरोबर दिसले, की मगच म्हणा, "छापा."