‘आलो’ की ‘आले’?

मराठीत साधं ‘मी आलो’ म्हणायचं तरी आपण पुरुष की स्त्री, हे आधी ठरवावं लागतं. कविता लिहिताना या क्रियापदांनी मला पुष्कळदा अडवलं आहे. पण हाच प्रश्न देवाच्या दारात उभा राहिला तर?

अमेरिकेत जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली स्थापन केलेल्या मॉर्मन पंथात तो उभा राहिला आहे. या पंथाच्या १९९५ च्या कुटुंबविषयक जाहीरनाम्यानुसार स्त्री-पुरुषत्व नुसतं देहाचं नाही. ते जन्माआधीही असतं आणि मृत्यूनंतरही राहतं. मंदिरात जोडलेलं लग्नही अनंतकाळाचं. जाहीरनाम्यातलं लिंग म्हणजे जन्मवेळचं जैविक लिंग, असा खुलासा पंथाचे नेते डॅलिन ओक्स यांनी २०१९ साली केला.

एवढं कळलं की पुढचे नियम उलगडतात. २०२० च्या नियमपुस्तिकेनुसार, ज्याला आपण वेगळ्या लिंगाचे आहोत असं केवळ वाटतं, त्याच्यावर बंधन नाही. मात्र शस्त्रक्रियेनं, औषधांनी किंवा नाव-पोशाख बदलून जो दुसऱ्या लिंगाची व्यक्ती म्हणून वावरू लागतो, त्याला मंदिरप्रवेशाचा परवाना नाही आणि पौरोहित्यही नाही. २०२४ साली नियम आणखी कडक झाले. अशा व्यक्तीला शिकवण्याचं किंवा मुलांसोबतचं काम देऊ नये, असं ठरलं.

रविवारची प्रार्थनासभा मात्र सर्वांना खुली आहे. प्रेमानं वागवा, असंही पुस्तिका बजावते. या प्रेमावर मी शंका घेत नाही. पण मंदिरातल्या विवाहविधीला परवान्याशिवाय कुणालाच बसता येत नाही. म्हणजे पोटच्या मुलीचं लग्न आत लागत असताना असा पालक बाहेर उभा! कुटुंब अनंतकाळ टिकतं, हे लहानपणापासून ऐकलेल्या माणसाला तो उंबरठा केवढा उंच वाटत असेल!

याच पंथात कृष्णवर्णीय पुरुषांना पौरोहित्य नव्हतं. १९७८ साली नवा साक्षात्कार झाल्याचं सांगून ते दार उघडण्यात आलं. ईश्वर आजही बोलतो, अशी या पंथाची श्रद्धा आहे. लिंगाची बाब मात्र मूळ सिद्धान्ताची आहे, असं नेते म्हणतात.

इंग्रजीत ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ यांना एकच वाक्य आहे. देवाला ‘मी आलोय’ म्हणायला तिथं लिंग सांगावं लागत नाही. ते सांगावं लागतं मंदिराच्या दारात, माणसांना.