लष्करी ‘थ्री नॉट थ्री’ची शिकारी भावंडे
विशेष प्रतिनिधी

गडचिरोली जिल्ह्यात चकमक झाली, की पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकात जप्त शस्त्रांची यादी येते. एके-४७, एसएलआर, इन्सास ही नावे शहरी वाचकांच्या आता परिचयाची झाली आहेत. या यादीच्या तळाशी मात्र अनेकदा ‘.३०३ रायफल’, ‘८ एमएम रायफल’, ‘१२ बोअर’ आणि ‘भरमार’ अशा नोंदी असतात. त्यांतील ८ मिलिमीटर म्हणजे हिशेबाने .३१५ इंच. याच मापाची बोल्ट रायफल देशातील हजारो परवानाधारकांकडे आहे आणि ती जंगलासाठी मुद्दाम घडवलेली नाही. ती लष्करी ‘थ्री नॉट थ्री’चीच शिकारी आवृत्ती आहे.

ली-एनफिल्ड घराण्याची .३०३ रायफल ब्रिटिश फौजेने दोन्ही महायुद्धांत वापरली. कोलकात्याजवळील ईशापूरच्या सरकारी रायफल कारखान्यात ती विसाव्या शतकाच्या आरंभापासून तयार होऊ लागली. वजन सुमारे चार किलो, मॅगझिनमध्ये दहा काडतुसे, नळीवर टोकापर्यंत लाकडाचे आवरण. ती मजबूत होती, चिखल-धूळ सोसणारी होती. शिकाऱ्यांना तिचा मोह पडला नसता तरच नवल. परंतु हिंदुस्थानातील परकीय सरकारपुढे पेच वेगळाच होता. नागरिकांच्या हाती लष्करी मापाची बंदूक गेली, तर छावणीतून चोरलेले प्रत्येक काडतूस तिच्यात चालणार. १९०७ च्या सुमारास सरकारने .४५० मापाच्या रायफलींवर हिंदुस्थानात बंदी घातली ती याच भीतीपोटी. तेव्हा हत्ती-गव्यांच्या शिकारीसाठी रायफली बनवणाऱ्या इंग्रज कंपन्यांना .४६५, .४७० अशी नवी मापे काढावी लागली. शिकारीच्या बंदुकांचा इतिहास अशा रीतीने दिल्ली-लंडनच्या फायलींतून घडला.

.३१५ चा जन्मही याच विचारातून झाला. हे काडतूस मुळात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचे, ८ मिलिमीटर मानलिखर जातीचे. ते ब्रिटिश फौजेच्या शस्त्रात चालत नव्हते, हाच त्याचा मोठा गुण. बुडाला कडा असलेले आणि ठेवणीने .३०३ च्या जवळचे असल्याने ली-एनफिल्डची मूळ यंत्रणा त्याला सहज सामावून घेऊ शकत होती. म्हणून बोल्ट आणि त्याभोवतीचा सांगाडा लष्करी ठेवायचा, नळी नव्या मापाची बसवायची, पुढचे लाकूड आखूड करायचे, मॅगझिन पाच काडतुसांचे करायचे. ईशापूरची ‘स्पोर्टिंग रायफल’ ती हीच. तिची काडतुसे पुण्याजवळच्या खडकी येथील दारूगोळा कारखान्याची. त्यांच्या बुडावरील ‘केएफ’ ही अक्षरे म्हणजे ‘किरकी फॅक्टरी’. चंद्रपूरकरांना भद्रावतीचा आयुधनिर्माणी कारखाना जवळचा वाटला, तरी तेथे तोफगोळ्यांसारखा मोठा दारूगोळा भरला जातो. रायफलींशी त्याचा संबंध नाही.

त्याच सांगाड्याचे दुसरे भावंड म्हणजे पोलीस आणि पहारेकऱ्यांच्या खांद्यावर दिसणारे .४१० ‘मस्केट’. यात नळीच्या आतील पेचदार खाचाच नसतात आणि एका वेळी एकच काडतूस भरता येते. शस्त्र हिरावले गेले तरी हिरावणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग होऊ नये, हा त्यामागील हेतू. ज्याला शस्त्र द्यायचे त्याच्यावरही पुरता विश्वास नाही, असा तो विचित्र मामला होता.

परदेशात हेच रूपांतर घरोघरी झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर लक्षावधी रायफली निरुपयोगी ठरल्या आणि अमेरिकेत त्या टपालानेही स्वस्तात मिळू लागल्या. हौशी मंडळी लाकूड कापून, दुर्बीण बसवून त्यांची हरणाच्या शिकारीची बंदूक करीत. बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेलसारख्या कंपन्यांनी तर त्याचा व्यवसायच उभारला. १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येत वापरलेली रायफलही टपालाने मागविलेली जुनी इटालियन लष्करी रायफल होती. १९६८ च्या कायद्याने टपालविक्रीला आणि अशा मालाच्या आयातीला लगाम घातला.

भारतात ही हौस थेट तुरुंगाच्या दाराशी नेते. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार शस्त्राची निर्मितीच नव्हे, तर त्यात बदल करणे आणि दुरुस्ती करणे यांनाही परवाना लागतो. नळी आखूड करण्यासाठी कलम ६ वेगळे आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीला किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे आणि एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रे बाळगता येतात. .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरचे लष्करी काडतूस ज्यात चालेल, अशी रायफल सामान्य परवान्यावर मिळत नाही. १९०७ चा धाक स्वतंत्र भारतानेही सोडलेला नाही.

कायद्याखेरीज तांत्रिक कारणही आहे. ली-एनफिल्डचा प्रत्येक बोल्ट त्याच्या रायफलीशी जुळवून बसवलेला असतो, म्हणूनच दोहोंवर एकच क्रमांक कोरतात. एकीचा बोल्ट दुसरीत घातला, की काडतुसाच्या बुडामागील अंतर बदलते. ते वाढले तर पितळी नळकांडे फाटून पेटता वायू चालवणाऱ्याच्या तोंडावर येऊ शकतो. कारखान्यात प्रत्येक नळीची जादा दाबाच्या काडतुसाने चाचणी घेतात. गावठी भट्टीत ती कोण घेणार?

मोडीत निघालेले सुटे भाग किती महाग पडू शकतात, हे २०१८ मध्ये दिसले. जबलपूरच्या मध्यवर्ती आयुध भांडारातील निकामी एके-४७ चे भाग बाहेर काढून, ते जोडून तयार केलेल्या रायफली बिहारमधील मुंगेरला विकल्या गेल्या, असा तपास यंत्रणांचा आरोप आहे. मुंगेर परिसरातील विहिरींतून रायफली बाहेर काढल्या गेल्या. निकामी शस्त्र कापून वितळवण्याचा नियम कागदावर राहिला, तर काय होते याचा हा नमुना.

जुन्या चांदा जिल्ह्यात .३१५ चा खरा काळ १९७२ पर्यंतचा. वनखात्याने जंगलांचे शिकारीसाठी ‘ब्लॉक’ पाडले होते आणि परवाना काढून तेथे शिकार करता येत असे. ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, वाघाच्या शिकारीवर १९७० मध्ये बंदी आली आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने उरलेली दारेही बंद केली. रायफली मात्र राहिल्या, त्या आत्मसंरक्षणाच्या परवान्यावर. हल्लेखोर वाघ पकडण्याचे काम आता भुलीच्या बंदुकीचे आहे. राजुऱ्याचा ‘आरटी-१’ ऑक्टोबर २०२० मध्ये आणि वडसा परिसरातील ‘सीटी-१’ ऑक्टोबर २०२२ मध्ये जिवंतच जेरबंद झाला.

शेतकऱ्याचा प्रश्न यातून सुटलेला नाही. धानाच्या बांधावर रानडुकरांचा कळप शिरला, की रात्रीत हंगाम जातो. पीकरक्षणासाठी शस्त्र कायद्यात आजही ठासणीच्या बंदुकीची, म्हणजेच भरमारीची, स्वतंत्र तरतूद आहे. पण नक्षलग्रस्त टापूत भरमार बाळगणारा दोन्ही बाजूंच्या संशयात सापडतो. दलमच्या हाती तीच बंदूक पडते आणि पोलीस ती स्वेच्छेने जमा करण्याचे आवाहन करतात. गडचिरोलीत अनेक गावकऱ्यांनी तशा बंदुका जमाही केल्या. पिकांची नासधूस करणारी रानडुकरे आणि नीलगायी मारण्यास वनाधिकाऱ्याच्या परवानगीने मुभा देणारा आदेश राज्य सरकारने २०१५ मध्ये काढला. मात्र त्यासाठी परवानाधारक बंदूकवाला गावात असावा लागतो. तो नसतो.

मग काही जण शेताभोवती तार ओढून तिच्यात चोरून वीज सोडतात. हे बेकायदा आहे. तारेला डुक्कर आणि वाघ यांतील फरकही कळत नाही. ब्रह्मपुरीहून आणून बोरच्या जंगलात सोडलेली वाघीण ऑक्टोबर २०१७ मध्ये वर्धा जिल्ह्यात अशाच तारेला चिकटून मेली. तिला गोळी घालण्याचा आदेश त्यापूर्वीच निघाला होता. वनखात्याचे बंदूकवाले तिच्या मागावर असतानाच तारेने आपले काम केले होते.