शेजारी कीं हेर ?

वर्गांतील चहाडखोर मुलगा कोणासहि प्रिय नसतो, हें आमच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. परंतु चहाडी करणें हें सरकारानेंच नागरिकांचें कर्तव्य म्हणून नेमून दिलें, तर काय होईल ? हा प्रश्न काल्पनिक नाहीं. अमेरिकेंत तो २००२ सालीं उपस्थित झाला, आणि तेथील लोकांनीं त्यास दिलेलें उत्तर मननीय आहे.

११ सप्टेंबर २००१ रोजीं अमेरिकेवर झालेल्या विमानहल्ल्यांत सुमारें ३,००० माणसें प्राणांस मुकलीं. सारें राष्ट्र भयभीत झालें. अशा वेळीं, जानेवारी २००२ मध्यें, राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या सरकारनें ‘ऑपरेशन टिप्स’ नांवाची योजना जाहीर केली. टपालवाले, ट्रकचालक, आगगाडीवरील नोकर, वीज व गॅस यांचे मीटर तपासणारे कामगार, अशा लोकांनीं आपलें काम करीत असतां जें जें संशयास्पद दिसेल तें सरकारास कळवावें, असा तिचा आशय होता. आरंभीं दहा शहरांत प्रयोग करून दहा लक्ष कामगारांस त्यांत घ्यावयाचें होतें.

हेतु वरवर पाहतां चांगला दिसतो. मग विरोध कां झाला ?

पहिलें कारण कायद्याचें. अमेरिकेच्या राज्यघटनेंतील १७९१ सालच्या चौथ्या दुरुस्तीअन्वयें, सबळ कारण दाखवून न्यायाधीशाचा हुकूम मिळविल्यावांचून पोलिसास सामान्यतः कोणाच्या घराची झडती घेतां येत नाहीं. मीटर तपासणाऱ्यास मात्र घरधनीण विश्वासानें आंत घेते. त्याचेच डोळे सरकारानें आपल्या कामीं लाविले, तर पुढचें दार बंद ठेवून मागचें उघडल्यासारखें झालें.

दुसरें कारण मनुष्यस्वभावाचें. गुन्हा डोळ्यांस दिसतो. संशय हा बहुधा पाहणाऱ्याच्या मनांत असतो. निराळी भाषा, निराळा पोशाख, निराळा धर्म, एवढ्यावरूनहि भ्यालेल्या मनास शंका येते. जुन्या भांडणाचा सूड घेणारासहि ही सोय आयतीच. ज्याच्याविषयीं कळविलें त्यास त्याची वार्ताहि नसते. मग तो आपला निर्दोषपणा कोणापुढें सिद्ध करणार? आणि पोकळ बातम्यांच्या ढिगाखालीं खरी बातमी गाडली जाते, ती निराळीच.

टपाल खात्यानें जुलै २००२ मध्यें या कामांतून अंग काढून घेतलें. राष्ट्राध्यक्षांच्याच पक्षाचे प्रतिनिधिगृहांतील नेते डिक आर्मी यांनीं योजनेस मनाई करणारें कलम नव्या सुरक्षा-विधेयकांत घातलें, आणि २५ नोव्हेंबर २००२ रोजीं तें बुश यांच्याच सहीनें कायदा झालें.

हा विरोध झाला नसता तर काय झालें असतें ? त्याची कल्पना पूर्व जर्मनीच्या इतिहासावरून येते. तेथें १९५० सालीं ‘श्टाझी’ हें गुप्त पोलीस खातें स्थापन झालें. १९८९ सालीं, अवघ्या सुमारें १ कोटि ६० लक्ष वस्तीच्या त्या देशांत, या खात्याचे सुमारें ९१,००० पगारी नोकर व १,७०,००० हून अधिक छुपे खबरे होते. १९९२ पासून लोकांस आपापलीं दप्तरें वाचावयास मिळूं लागलीं, तेव्हां कित्येकांस त्यांत मित्राचें, सोबत्याचें, क्वचित् पतीचेंहि कृत्य आढळलें. राज्य तर त्या खबऱ्यांनीं तगलें नाहींच. घरें मात्र दुभंगलीं.

याचा अर्थ, वाईट गोष्ट पाहून गप्प बसावें, असा नव्हे. शेजारीं बालकाचा छळ होत असेल, तर तें अधिकाऱ्यांस कळविणें हेंच शेजारधर्माचें पालन होय. तेथें आपण पाहिलेली गोष्ट सांगतों व तिची जबाबदारी घेतों. केवळ तर्कावरून गुपचूप नांव टिपून देणें हें अगदीं वेगळें.

वर्गांत गुप्तपणें नांवें टिपणारा मुलगा नेमण्याचा मोह आम्हां शिक्षकांसहि होतो. मजकडूनहि एकदां तसें घडलें आहे. वर्ग शांत झाला खरा. परंतु मुलें एकमेकांस वह्या देईनाशीं झालीं. महिन्याभरांत मीं ती नेमणूक मोडली.

दहा आज्ञांपैकीं एक आज्ञा शेजाऱ्याविषयीं खोटी साक्ष देण्यास मनाई करते. प्रभूच्या दाखल्यांतील शोमरोनी मनुष्यहि वाटेवर पडलेल्या परक्याजवळ गेला, तो त्याच्या जखमा बांधण्यासाठीं. मुलांनीं व पालकांनीं शेजाऱ्याच्या दाराशीं जातांना हेंच स्मरावें.