विश्लेषण : जर्मन फुटबॉलची ‘थाळी’ घडवणाऱ्या सुवर्णकार शिक्षिका कोण होत्या?

मे २०२५ मध्ये बायर्न म्युनिकने बुंडेसलिगा जिंकली आणि हॅरी केनला कारकीर्दीतील पहिले मोठे विजेतेपद मिळाले. त्या वेळी त्याने डोक्यावर उचलला तो करंडक नव्हता, तर चांदीची भलीमोठी थाळी होती. जर्मनीत तिला ‘मायस्टरशाले’ म्हणतात आणि चाहते गमतीने ‘सॅलडचे भांडे’ म्हणतात. आपल्याकडच्या कोणाला ती पाहून पूजेचे ताम्हन आठवले तरी नवल नाही. ही थाळी १९४९ मध्ये कोलोन येथील एका कलाशाळेत घडली. शिक्षिका एलिझाबेथ ट्रेस्को आणि त्यांच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी ती घडवली. मात्र थाळी हे ट्रेस्को यांचे सर्वात प्रसिद्ध काम असले, तरी सर्वात अवघड काम नव्हे. हजारएक वर्षे हरवलेली सोनारकामाची एक युक्ती ज्या मोजक्या लोकांनी पुन्हा शोधून काढली, त्यांत त्यांची गणना होते.

एलिझाबेथ ट्रेस्को कोण होत्या?

ट्रेस्को यांचा जन्म १८९८ मध्ये पश्चिम जर्मनीतील बोखुम शहरात झाला. हा रुऱ्ह खोऱ्यातील कोळसा आणि पोलादाचा पट्टा. तिथे सोन्याचांदीच्या नाजूक कामाची परंपरा शोधायला कोणी जाणार नाही. पण त्याच भागात, हागेन येथे, कलाप्रेमी कार्ल अर्न्स्ट ओस्टहाउस यांच्या पुढाकाराने चांदीकामाची एक कार्यशाळा उभी राहिली होती. ट्रेस्को यांचे सुरुवातीचे शिक्षण तिथे झाले. पुढे एसेन, दागिन्यांच्या व्यवसायासाठी प्रसिद्ध असलेले श्वेबिश ग्मुंड आणि म्युनिकमधील कार्ल रोटम्युलर यांची कार्यशाळा असा त्यांचा प्रवास झाला.

मराठीत ‘सोनारीण’ म्हटले की सोनाराची बायको डोळ्यांसमोर येते, सोनारकाम करणारी बाई नव्हे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतही चित्र फार वेगळे नव्हते. तिथे शिकाऊ, कारागीर आणि मग ‘मायस्टर’ अशी पायऱ्यांची जुनी पद्धत होती आणि तिच्या शेवटच्या पायरीवर स्त्रिया विरळाच दिसत. ट्रेस्को तिथवर पोहोचल्या. १९२३ पासून एसेनमधील मार्गारेटेनहोए या वसाहतीत त्यांनी स्वतःची कार्यशाळा चालवली. क्रुप या पोलाद उद्योजक घराण्यातील मार्गारेटे क्रुप यांच्या देणगीतून ही वसाहत उभी राहिली होती. पुस्तकबांधणी करणाऱ्या फ्रिडा शॉय आणि छायाचित्रकार आल्बर्ट रेंगर-पाट्श हेही तिथेच काम करत.

हरवलेली युक्ती कोणती?

तिचे नाव ग्रॅन्युलेशन. आपल्याकडे याला रवाकाम म्हणतात. सोन्याच्या पत्र्यावर सोन्याचेच बारीक रवे बसवून नक्षी काढायची, एवढेच ते काम. इथे ठुशी डोळ्यांसमोर आणली तर मात्र गफलत होईल. ठुशीत मणी ओवलेले असतात. रवाकामात प्रत्येक कण खालच्या पत्र्याला कायमचा जोडलेला असतो. इटलीतील एट्रुस्कन कारागिरांनी इसवी सनापूर्वी सातव्या शतकात हे काम इतक्या थराला नेले होते, की त्यांचे काही रवे मिलिमीटरच्या पाचव्या भागाहूनही बारीक आहेत. नुसत्या डोळ्यांना ते दाणे वाटतच नाहीत, सोन्यावर मखमल चढवल्यासारखे वाटते.

रवे करणे त्या मानाने सोपे. सोन्याच्या तारेचे बारीक तुकडे कोळशाच्या भुकटीत, एकमेकांना चिकटणार नाहीत असे पसरायचे आणि मूस तापवायची. वितळलेले सोने पृष्ठताणामुळे आपोआप गोल होते. खरी अडचण ते बसवण्यात आहे. नेहमीच्या पद्धतीने डाख देऊन जोडायला गेले, की डाख वितळतो आणि रव्यांमधल्या फटींत भरतो. मग रवे बुडाल्यासारखे दिसतात आणि नक्षीची धार जाते. एट्रुस्कन दागिन्यांत असा डाख दिसत नाही. प्रत्येक रवा पत्र्याला फक्त एका टिंबाएवढ्या जागी टेकलेला असतो.

१८३६ मध्ये रोमजवळ चेर्वेतेरी येथे रेगोलिनी-गालास्सी हे एट्रुस्कन थडगे उघडले गेले आणि हे कोडे युरोपभर चर्चेत आले. रोमचे नामांकित जवाहिरे कास्तेल्लानी यांनी आयुष्यभर त्याचा पिच्छा पुरवला. डोंगराळ गावांतून जुन्या रीतीचे कारागीरही आणवले. त्यांचे दागिने सुंदर होते, पण हुबेहूब तसे काम काही साधले नाही.

मग ती सुटली कशी?

उत्तर रसायनशास्त्रात होते. सोने १०६४ अंश सेल्सियसला वितळते. पण सोने आणि तांबे एकत्र आले, की त्यांचे मिश्रण सुमारे ९०० अंशांनाच वितळू लागते. म्हणून जिथे रवा टेकतो तेवढ्याच जागी अगदी थोडे तांबे पोहोचवता आले, तर बाकीचे सोने घट्ट राहून फक्त तेवढाच सांधा जुळेल. तांब्याचा क्षार (जुन्या काळी बहुधा मॅलेकाइटची पूड) डिंकात किंवा सरसात कालवायचा आणि त्या मिश्रणाने रवे चिकटवायचे. तापवल्यावर क्षाराचे ऑक्साइड होते आणि सरसाचा कोळसा. हा कोळसा ऑक्साइडमधला प्राणवायू ओढून घेतो आणि शुद्ध तांब्याचा सूक्ष्म थर मागे राहतो. तो सोन्यात मुरला की रवा बसला. आच क्षणभर जास्त झाली, तर सगळ्या नक्षीचा गोळा होतो. इंग्लंडमध्ये एच. ए. पी. लिटलडेल यांनी १९३३ मध्ये या पद्धतीचे पेटंट घेतले. जर्मनीत म्युनिकचे योहान मिखाएल विल्म आणि एसेनच्या ट्रेस्को यांनी आपापल्या प्रयोगांतून रवाकाम साधले. ट्रेस्को यांच्या हाती ते १९३० च्या सुमारास आले.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. ‘हरवलेली युक्ती’ ही युरोपची भाषा आहे. भारतात रवाकाम पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. तक्षशिलेच्या उत्खननात असे दागिने सापडले आहेत. गुंज उगाळून तिचा चिकटा रवे धरायला वापरण्याची रीत आपल्या सोनारांना ठाऊक आहे. ज्या गुंजेने सोने तोलायचे, तीच सोने चिकटवायलाही उपयोगी पडते! युरोपात मात्र हे ज्ञान कार्यशाळांच्या भिंतींआड राहिले, आणि कारागीर गेले तसे तेही गेले.

थाळी घडवण्याची वेळ का आली?

जर्मन विजेत्यांना पूर्वी ‘व्हिक्टोरिया’ नावाची मूर्ती दिली जाई. १९४४ मध्ये ती ड्रेस्डनच्या संघाकडे गेली आणि युद्धाच्या अखेरीच्या गोंधळात बेपत्ता झाली. पूर्व जर्मनीत दडलेली ही मूर्ती एकीकरणानंतर परत मिळाली. १९४९ मध्ये मात्र नवे काही घडवण्यावाचून गत्यंतर नव्हते.

ट्रेस्को १९४८ मध्ये कोलोनच्या ‘वेर्कशूलेन’ या कलाशाळेत सोनारकामाच्या वर्गाच्या प्रमुख झाल्या होत्या. शहराचा मध्यभाग बॉम्बहल्ल्यांत बेचिराख झाला होता आणि नवे चलन येऊन जेमतेम वर्ष होत होते. कोलोन कॅथेड्रलमधील ‘तीन राजांची पेटी’ या मध्ययुगीन सुवर्णकामाच्या दुरुस्तीतही त्यांचा हात लागला. देशाच्या विजेत्याची थाळी घडवण्याचे काम त्यांनी वर्गात आणले. विद्यार्थ्यांच्या हाती सरावाचा पत्रा न देता खरी चांदी आणि खरी मुदत द्यायची, हे धाडसच होते. चूक झाली तर ती देशभर दिसणार होती. परंतु कार्यशाळेत शिकलेला कारागीर आणि शाळेत शिकलेला विद्यार्थी यांच्यात जो फरक राहतो, तो अशाच कामांनी भरून निघतो.

थाळी स्टर्लिंग चांदीची असून तिच्यावर टुर्मलिन खडे जडवले आहेत. १९०३ च्या लाइपझिगपासून प्रत्येक विजेत्याचे नाव तिच्यावर कोरलेले आहे. ती पहिल्यांदा मिळाली फाउएफआर मानहाइम या संघाला. बुंडेसलिगा सुरू झाली १९६३ मध्ये, म्हणजे थाळी स्पर्धेहून १४ वर्षांनी थोरली आहे.

पुढे काय झाले?

ट्रेस्को १९६४ पर्यंत शिकवत राहिल्या आणि १९९२ मध्ये, वयाच्या ९४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या कामाचे नमुने कोलोनच्या उपयोजित कला संग्रहालयात आहेत. नावे कोरायला जागा उरली नाही म्हणून थाळीला १९८१ मध्ये आणि पुन्हा २००९ मध्ये बाहेरून कडे जोडावे लागले. आज तिचा व्यास ५९ सेंटिमीटर आणि वजन सुमारे ११ किलो आहे. विजयोत्सवात ती एका हाताने उचलू पाहणाऱ्या खेळाडूची त्यामुळे दर वर्षी थोडी त्रेधा उडते. २०२४ मध्ये बायर लेव्हरकुसेनचे नाव तिच्यावर पहिल्यांदा कोरले गेले. ते बाहेरच्या नव्या कड्यावर आहे. ट्रेस्को यांच्या वर्गाने घडवलेला मूळ भाग आत, मधोमध आहे.