स्वस्त संरोधमापक : चिप सोपी, मापन अवघड

साध्या मल्टिमीटरवर कळतो तो एकदिश प्रवाहाला होणारा रोध. प्रत्यावर्ती प्रवाहात मात्र कपॅसिटर आणि तारेची वेटोळीही अडथळा करतात व तो वारंवारतेनुसार बदलतो. या एकूण अडथळ्याला इम्पिडन्स, अर्थात संरोध म्हणतात. ऑलिव्हर हेविसाइड यांनी हा शब्द १८८६ मध्ये रूढ केला. सजीव पेशीचे आवरण कपॅसिटरसारखे वागत असल्याने शरीरातील पाणी आणि चरबी यांचा अंदाज बांधण्यासाठीही हेच मापन वापरतात.

प्रयोगशाळेतील संरोध विश्लेषकाची किंमत लाखांच्या घरात जाते. ‘अ‍ॅनालॉग डिव्हायसेस’ कंपनीच्या ‘एडी ५९३३’ या चिपमुळे तेच काम, मर्यादित प्रमाणात का होईना, काही हजार रुपयांत होऊ शकते. चिप स्वतःच शंभर किलोहर्ट्झपर्यंतची लहर निर्माण करते. ती वस्तूतून पार झाली, की सेकंदाला सुमारे दहा लाख या वेगाने १०२४ नमुने घेतले जातात. फूरिए गणिताने त्यांचे दोन आकडे होतात व ते ‘अर्डुइनो’सारख्या छोट्या नियंत्रकाकडे जातात. नमुने घेण्यास जेमतेम एक मिलिसेकंद लागतो; त्यामुळे बदलता संरोध घडत असतानाच टिपता येतो. अर्थात, एक किलोहर्ट्झच्या खाली एवढ्या वेळात पूर्ण लहरच मावत नाही. तेथे चिपला बाहेरून संथ घड्याळ पुरवावे लागते.

हे आकडे म्हणजे ओहम नव्हेत. प्रथम माहीत असलेला रोधक जोडून गुणक काढावा लागतो, तोही अपेक्षित मूल्याच्या जवळचा आणि त्याच वारंवारतेवर. हा टप्पा गाळला, तर पडद्यावरचा सुबक आलेख निव्वळ शोभेचा! हात ते पाय हा संरोध काही शे ओहमच असतो. चिपची मूळ कक्षा एक किलोओहमपासून सुरू होते आणि तिचा स्वतःचा अंतर्गत रोधही मापनात मिसळतो. म्हणून बाहेर ऑप-अ‍ॅम्प जोडणे भाग पडते.

दुसरी अडचण सुरक्षिततेची. ३.३ व्होल्ट पुरवठ्यावर, सर्वांत मोठ्या लहरीच्या वेळी निर्गम टोक सरासरी १.४८ व्होल्टवर, तर ग्राहक टोक १.६५ व्होल्टवर असते. या फरकाने वस्तूतून सतत एकदिश प्रवाह वाहतो. खारट द्रावणात किंवा त्वचेवर त्यामुळे इलेक्ट्रोडचे ध्रुवण होऊन मापन बिघडते. मार्गात कपॅसिटर घातल्यास हा प्रवाह थांबतो. शरीराशी जोडायचे असल्यास प्रवाह मर्यादित ठेवणारा रोधकही हवा, आणि उपकरण केवळ बॅटरीवर चालवावे. चार्जरला लावलेल्या लॅपटॉपशी ते मुळीच जोडू नये.