पेढे वाटले, मग झोप का उडाली?

डोंबिवलीतल्या एखाद्या घरात एकाच वर्षी तीन गोष्टी घडतात. बाबा निवृत्त होतात, मुलगी शिकायला जर्मनीला जाते आणि इमारत पुनर्विकासाला गेल्यामुळे बिऱ्हाड भाड्याच्या जागेत हलतं. तिन्ही बातम्या पेढे वाटण्याजोग्या. मग बाबांचा रात्री डोळ्याला डोळा का लागत नाही?

१९६७ साली सिएटलमधल्या थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या मनोविकारतज्ज्ञांनी आयुष्यातल्या ४३ घटनांना गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू १००, लग्न ५०. हो, लग्नसुद्धा! कारण त्यांना दुःख मोजायचंच नव्हतं. घडी विस्कटल्यावर ती पुन्हा बसवायला माणसाला किती झटावं लागतं, ते मोजायचं होतं. निवृत्ती ४५, मूल घराबाहेर पडणं २९, घर बदलणं २०. आपल्या डोंबिवलीकरांची बेरीज भरते ९४. हा आकडा जोडीदाराच्या मृत्यूच्या गुणांजवळ पोचतो, हे पाहून मी आजही थक्क होते.

शरीराचीही अशीच एक बसलेली घडी असते. सकाळी जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात रक्तातलं कॉर्टिसॉल हे संप्रेरक चढतं. दिवसभराच्या धावपळीची ती तयारी. वर्षानुवर्षं ठरलेली फास्ट लोकल पकडलेलं शरीर निवृत्तीनंतरही पहाटे त्याच वेळी उठून बसतं. जायचं मात्र कुठेच नसतं.

पण ९४ गुण म्हणजे आजारपण ठरलेलंच, असं नाही. राहे यांनी पुढे अमेरिकी नौदलाच्या खलाशांवर हीच मोजणी केली. गुण आणि आजार यांचा संबंध दिसला, पण अगदी पुसट. मग फरक कशाने पडतो? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचं म्हणणं असं, की घटना आणि भावना यांच्यामध्ये आपला विचार उभा असतो. त्यांची ही विचारपद्धती मानसशास्त्रज्ञ किशोर फडके यांनी भारतात रुजवली, आणि १९९० साली ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था सुरू करणाऱ्या डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ती मराठी घराघरांत नेली.

बाबांच्या मनात वाक्य असतं, ‘नोकरी संपली, आता माझी किंमत शून्य.’ ते कागदावर उतरवायचं आणि विचारायचं, याला पुरावा काय? किंमत फक्त पगारातच असते, असं ठरवलं कुणी? पुष्कळदा ते वाक्य तिथेच ढिलं पडतं. लेकीची आठवण मात्र येतच राहते. एलिस त्या दुःखाला निरोगी म्हणतात. ते घालवायचं नसतं.

झोप आठवडेच्या आठवडे उडाली, कशातच मन लागेना, तर टेली-मानस या सरकारी मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं, मोफत, रात्री-अपरात्रीसुद्धा.